शाळा आणि खो-खोच्या सरावामुळे मुलीच्या भेटीचे दिवस बदलायचे आहेत. स्टॅम्प पेपरवरचा करार पुरेल का?

कारंजेकर (प्रश्न)

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला तेव्हा मुलगी दुसरीत होती. हुकूमनाम्यानुसार तिचा ताबा आईकडे असून दर शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे, कारंजा (घाडगे) तालुक्यातील गावी, राहते. यंदा सहावीसाठी ती आर्वीच्या शाळेत गेली. तेथे शनिवारी सकाळची शाळा आणि रविवारी सकाळी खो-खोचा सराव असतो, आणि आमच्या गावाहून तेवढ्या सकाळी पोहोचवणारी बस नाही. त्यामुळे एक तर तिची शाळा व सराव बुडतो, नाहीतर आमची भेट. तिच्या आईशी बोलून असे ठरले की महिन्यातले दोनच शनिवार-रविवार माझ्याकडे ठेवावेत, तेही सराव आटोपल्यावर, आणि त्याच्या बदल्यात अर्धी दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीचा मोठा भाग द्यावा. घरचे वडीलधारे म्हणतात की स्टॅम्प पेपरवर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की झाले. एवढे पुरेल का?

वकिली_वर्धा

पुरणार नाही. दोघांचे पटते आहे तोवर त्या कागदाची कोणालाच गरज भासणार नाही, आणि ज्या दिवशी बिनसेल त्या दिवशी न्यायालय अंमलबजावणी करील ती जुन्या हुकूमनाम्याची. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलून मागता येतात. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब प्रकरणात सांगितले आहे की ताब्याचे आदेश स्वभावतःच अंतिम नसतात आणि संमतीने झालेले आदेशही मुलाच्या हितासाठी बदलता येतात. म्हणून ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथेच दोघांच्या सहीचा संयुक्त अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचे व सरावाचे वेळापत्रक दाखल करावे. न्यायाधीश मुलीशी स्वतंत्रपणे बोलू शकतात; तिला पढवून नेऊ नये, कारण ते लगेच ओळखू येते. वकिलाचा खर्च जड जात असेल, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. मुलीच्या आईने तालुका विधी सेवा समितीकडे विचारावे.

दारव्ह्याची_आई

वकीलसाहेबांनी वाट सांगितली. मी मसुद्याविषयी लिहिते, कारण खरी भांडणे तेथेच उगवतात. आमच्या आदेशात उन्हाळ्याच्या सुट्टीची तारीख 15 जून अशी लिहिली गेली होती. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, सहसा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, आणि मधले दिवस कोणाचे यावर दरवर्षी वाद होई. म्हणून भाऊ, तारीख न लिहिता ‘शाळा उघडण्याच्या चार दिवस आधीपर्यंत’ असे लिहा. शाळेची वेळ किंवा सरावाचा दिवस बदलला तर किती दिवस आधी कळवायचे, सामन्यांमुळे भेट हुकली तर ती कोणत्या आठवड्यात भरून काढायची, आणि मुलीला आणायचे-पोहोचवायचे कोणी, हेही नमूद करा. मुलींचा मोफत एस.टी. पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो. तुमच्या गावाहून तो चालणार नाही, त्यामुळे ते भाडे कोणाचे हे आधीच ठरलेले बरे. सण नावानिशी लिहा. पोळा आणि तान्हा पोळा हे दोन वेगळे दिवस आहेत, हे बाहेरच्या वकिलाला सांगावे लागते!

निवृत्त_मुख्याध्यापक

आदेशाची प्रत शाळेत द्यावी आणि दोन्ही पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवावेत. मुलीला कोण नेऊ शकते हे वर्गशिक्षकांना ठाऊक नसले, तर ते बिचारे दोघांनाही नाही म्हणतात. आणि सामना असेल त्या दिवशी दोघांनीही मैदानावर जावे. भेटीचा दिवस कोणाचा, हा प्रश्न तेथे काढू नये.

कारंजेकर

सर्वांचे आभार. एक शंका राहिली. माझ्याकडील दिवस बदलत असल्याने पोटगीचा आकडाही याच अर्जात घालावा का?

वकिली_वर्धा

घालू नये. दोघे एकमताने आकडा ठरवून आला असाल तर गोष्ट वेगळी. अन्यथा जो अर्ज आज वादाशिवाय मंजूर होण्याजोगा आहे, तो उत्पन्नाच्या पुराव्यांत अडकेल आणि तोवर मुलीचा खो-खोचा हंगाम निघून जाईल. आदेश होईपर्यंत ठरलेली पोटगी नियमित भरत राहा आणि पावत्या जपून ठेवा.