मदत हवी आहे: 'जेंट्री'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका खेड्याची कथा मराठीत आणतेय आणि समाजातल्या पायऱ्यांपाशी अडलेय. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही उमरावांची पाच पदं तशीच ठेवली. 'बॅरोनेट'ही ठेवलं. जे. जे. रुग्णालयाचे जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, त्यामुळे मुंबईकरांना तो शब्द अगदीच परका नाही. (पदवी वंशपरंपरागत, पण उमरावांत गणना नाही, एवढी तळटीप लागेलच.)

खरी अडचण 'जेंट्री'ची. जमीन मालकीची, कसतात कुळं, घर चालतं खंडावर, पण हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा नाही. 'जमीनदार' लिहिलं की जुलूम डोळ्यांपुढे येतो, 'वतनदार' म्हटलं तर गावची चाकरी आली, 'खानदानी' फारच मोघम. त्याखालचा 'योमन' स्वतःची जमीन स्वतः कसतो. त्याला 'खातेदार शेतकरी' केलं, तर थेट सातबारा आठवतो!

एका प्रसंगात आई मुलीला सांगते, 'तो जेंटलमन आहे.' तिथे 'सज्जन' लिहिलं आणि खोडलं. तिला मुलाचा स्वभाव नाही, दर्जा सांगायचाय.

कुणी असं भाषांतर केलंय का? तुम्ही काय लिहिलं असतं? जुन्या दप्तरातला एखादा शब्द माहीत असेल तर तोही नक्की सांगा.