डॉग शोसाठी लेन्स: ७०-२०० की ८५? मदत हवी आहे

मंडळी, सल्ला हवाय. कॅननची क्रॉप सेन्सर बॉडी आणि ५५-२५० एफ/४-५.६ लेन्स वापरतो. सकाळच्या उन्हात काही तक्रार नाही. गाडी अडते ती 'बेस्ट इन शो'ला, म्हणजे शोचा सर्वोत्तम कुत्रा निवडणाऱ्या शेवटच्या फेरीला. तोवर उन्हं कललेली असतात, मैदानात दिवे लागतात आणि हँडलर कुत्र्याला पळवत फेरी मारतात. २५० एमएमला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं ते मोठं) ५.६ वर अडकतं. शटर १/८०० सेकंद ठेवला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढे, म्हणजे फोटोत दाणे. काळ्या लॅब्राडोरचे डोळे अंगातच गडप होतात!

सेकंडहँड ७०-२०० एफ/२.८ बघतोय. दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश. पण वजन दीड किलोच्या आसपास आणि खिशाला चांगलीच कात्री. दुसरीकडे ८५ एमएम एफ/१.८ हलकी, स्वस्त, स्टॅक करून (परीक्षकासाठी ठरावीक पोझमध्ये) उभ्या केलेल्या कुत्र्याला झकास; पण दोरीबाहेरून रिंगच्या पलीकडचा कारवान हाउंड एवढुस्सा दिसतो.

स्टॅबिलायझर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नसलेली जुनी ७०-२०० चालेल का? पळत्या कुत्र्याला त्याचा फायदा नाहीच म्हणा, तिथे वेगवान शटरच लागतो. मला धास्ती फोकसची आहे: कुत्रा सरळ अंगावर येताना त्या लेन्सचा फोकस टिकतो का? कुणी वापरली असेल तर सांगा. फ्लॅश सुचवू नका, कुत्री बिचकतात.