मदत हवी आहे: 2,34,000 किमी झालेली स्विफ्ट डिझेल, सव्वा लाख घालावेत की गाडी बदलावी?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीडीआय, 1.3 डिझेल, नोंदणी नोव्हेंबर 2012, चिपळूण. मीटर 2,34,000. महिन्याला हजार-अकराशे किमी, अधूनमधून कुंभार्ली घाटातून कराड.

तक्रारी: घाटात ओढ राहिलेली नाही, जोर दिला की मागे काळा धूर. क्लच अगदी वर सुटतो. खड्ड्यात पुढून डावीकडे खडखड. सकाळी स्टार्ट करताना सेकंदभर साखळीचा आवाज. ऑइल पाच हजार किमीत पाऊण लिटर टॉप-अप लागतं. कूलंट घटत नाही.

गॅरेजचं एस्टिमेट: नवा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) 30,000, चार नवे इंजेक्टर (डिझेल फवारणारे) 52,000, क्लच 13,000, टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) 15,000, सस्पेन्शन 14,000. एकूण 1,24,000. विकायला काढली तर 1,10,000 ची बोली आहे. काय करावं?

टॉर्करेंच

टर्बो आणि चारही इंजेक्टर एकाच कागदावर आहेत, म्हणजे दोन्ही तपासलेले नाहीत. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. त्यामुळे आधी हवेचा रस्ता बघा, स्वस्तातलं आधी:

1. एअर फिल्टर.
2. टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) आणि इंटरकूलर ते इंजिन हे होज. ते खालच्या बाजूने, क्लिपजवळ फाटतात, वरून बघून कळत नाही. हात फिरवा, ताजं ओलं ऑइल एकाच जागी लागलं तर चीर तिथेच. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) तिथून निघून जातो आणि स्कॅनरवर ‘बूस्ट कमी’ दिसलं की दोष टर्बोवर जातो.
3. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारी झडप). काजळीने उघडा अडकला की जळका धूरच पुन्हा आत येतो. काढून साफ होतो.
4. यानंतर टर्बो. टर्बोत हवा आणणारा होज काढून शाफ्टचं टोक बोटांत धरा. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे जाणवेल इतका खेळ असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेला. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असतोच, घाबरू नका, डबकं नको.

इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. चारही रिटर्न नळ्यांना (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं. ज्याची बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरेल तो खराब. बाकी तिघांना हात लावायचं कारण नाही. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि ‘छक-छक’ आवाज असेल तर फक्त तांब्याचा वॉशर गेलाय. तो काही रुपयांचा असतो, पण जुना परत लावायचा नाही.

गॅरेजवाले_कराड

वरच्याशी सहमत. त्याआधी इंजिन मुळात धड आहे का ते ठरवा, सगळा निर्णय त्यावर आहे. इंजिन गरम करून आयडलवर ऑइलचं झाकण उघडा. हलकी वाफ चालेल. भकाभका धूर आणि झाकण नुसतं ठेवलं तर उडतंय अशी स्थिती असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरचा दाब मोजणं. ती ग्लो प्लगच्या (स्टार्टसाठी सिलेंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून होते, आणि जुन्या गाडीत ग्लो प्लग हेडमध्येच तुटण्याची भीती असते. इंजिन गरम असताना, गंज सोडवणारं तेल आधी मारून, हळूहळू सोडवायला सांगा. आकड्यापेक्षा चार सिलेंडरांतला फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा 15-20 टक्के खाली असेल तर ओव्हरहॉलिंग आलं, आणि या वयाच्या गाडीला ते करू नये.

पाच हजारात पाऊण लिटर हे या रनिंगला ठीकच. हजारात लिटर लागलं असतं तर मी गाडी विकून टाका म्हटलं असतं. मात्र डिपस्टिकवर पातळी न घालता वर चढत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, तेव्हा गाडी चालवू नका.

चेनचा आवाज टाळू नका. चेन सैल होऊन दात सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिनच जातं. चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा), गाइड, स्प्रॉकेट सगळं एकदम बदला. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून पातळी कमी ठेवून फिरवलेल्या गाड्यांत तो आधी ढिला पडतो.

सागवेकर

चिपळूणची गाडी म्हणून विचारतो: जुलै 2021 च्या पुरात पाण्यात होती का? असेल तर वायरिंगचे जोड हिरवे पडलेले असतील आणि ती दुखणी संपत नाहीत.

दुसरं, कोकणात इंजिनाआधी पत्रा जातो. गाडी लिफ्टवर घ्या. दोन्ही बाजूंचे दारांखालचे पट्टे, पुढच्या स्ट्रटच्या (शॉक-अपच्या) वरची वाटी, मागच्या अ‍ॅक्सलचे माउंट आणि मॅट उचलून फ्लोअर, या चार जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठणठण आवाज हवा. भद्द वाजलं की आतून गेलंय. वर अंडरकोटिंगचा काळा थर असेल तर जास्तच ठोका. गंजावर फासलेलं कोटिंग पाणी आत धरून ठेवतं. पट्ट्याला वेल्डिंग होतं. स्ट्रटची वाटी किंवा अ‍ॅक्सलचे माउंट गेले असतील तर इंजिन कितीही चांगलं असो, त्या गाडीत पैसे घालू नका.

हिशेबी

‘दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून विका’ हे गणित मला पटत नाही. 1,10,000 मध्ये तुम्हाला दुसरी चांगली गाडी मिळणार आहे का? पुढच्या तीन वर्षांचा महिन्याचा खर्च काढा आणि त्याची तुलना करा.

नवीन गाडीला 6 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षं घेतलंत तर हप्ता सुमारे 12,450. हप्ता म्हणजे सगळाच खर्च नव्हे, गाडी विकून काही परत येतं. तरी घसारा, व्याज आणि पूर्ण विमा धरता निम्म्याहून जास्त बुडीत धरा. तीन-चार लाखांची सेकंडहँड घेतलीत तर तिचाही क्लच आणि टायर कधी संपतील ते तुम्हाला माहीत नसतं. या गाडीचं निदान माहीत तरी आहे.

नोव्हेंबर 2027 विसरू नका. तेव्हा नोंदणीची 15 वर्षं भरतात. नूतनीकरणाला फॉर्म 25, आरटीओची तपासणी, 5,000 रुपये शुल्क, वर राज्याचा पर्यावरण कर. पास झाली तर पाच वर्षं वाढतात. अर्ज मुदतीआधी 60 दिवसांत करता येतो. दहा वर्षांत डिझेल बंद हा नियम दिल्ली परिसराचा आहे, आपल्याकडे नाही. मारुतीने डिझेल 2020 मध्ये थांबवलं, पण हेच मूळ फियाटचं इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे स्पेअरची चिंता सध्या नको.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. गाडी पुरात नव्हती. दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासलं:

इंटरकूलरचा खालचा होज क्लिपजवळ बोटभर फाटलेला. ईजीआर काजळीने अर्धा उघडा अडकलेला. टर्बोला पुढे-मागे खेळ नाही. लीक-ऑफमध्ये 3 नंबरची बाटली इतरांच्या तिप्पट. झाकणातून हलकी वाफच. डाव्या पट्ट्याला थोडा गंज, वाटी आणि माउंट ठणठणीत. डाव्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि लिंक रॉड गेलेत, शॉक-अप कोरडे आहेत, म्हणजे गळत नाहीत.

नवा हिशेब: होज 2,500, ईजीआर सफाई 1,500, एक इंजेक्टर रीकंडिशन 6,500, क्लच 13,000, चेन 15,000, आर्म आणि लिंक रॉड 5,500. एकूण 44,000. पट्ट्याचं वेल्डिंग वेगळं.

हिशेबी

44,000 आणि वर्षाला 20,000 देखभाल धरली तरी तीन वर्षांत 1,04,000, म्हणजे महिन्याला 2,900 च्या आसपास. ठेवा गाडी.

गॅरेजवाले_कराड

ठेवा, पण सगळं एकदम करू नका. आधी होज, ईजीआर आणि इंजेक्टर. चारही इंजेक्टर काढले जाणार असतील तर चारही वॉशर नवे. बदललेल्या इंजेक्टरवर कोड असेल तर तो स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या, नाहीतर आयडल धडधडतं. मग कुंभार्ली चढून बघा. धूर गेला आणि ओढ आली की चेन व क्लचचे 28,000 घाला. ओढ आली नाही तर तिथेच थांबून कॉम्प्रेशन टेस्ट करा.

चेनसाठी सम्प (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) उतरतोच, तेव्हा आतली ऑइलची जाळी साफ करून घ्या. क्लचला गिअरबॉक्स उतरला की क्रँकचं मागचं ऑइल सील बदला, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल येऊन मजुरी पुन्हा पडते. क्लच घेताना प्रेशर प्लेट, डिस्क आणि रिलीज बेअरिंग एका पॅकमधलं घ्या, आणि फ्लायव्हीलला निळे डाग किंवा केसासारख्या भेगा आहेत का ते लावण्याआधी स्वतः बघा.

वाशिष्ठीकाठ

होज आणि सील आज मागवतो. वेल्डिंग आधी की नंतर?

सागवेकर

आधी, पावसाच्या आत. बॅटरीचं निगेटिव्ह काढून आणि ईसीएमचा सॉकेट सोडवूनच वेल्डिंग करू द्या. नंतर पट्ट्याच्या आतल्या पोकळीत वॅक्स मारा. खालची पाणी निघायची भोकं मात्र बुजवू देऊ नका.