उलुरूवर चढायला बंदी: पटते का?

सह्यभटक्या: डिसेंबरात मध्य ऑस्ट्रेलियात जातोय. उलुरू लांबूनच बघायचा, कारण 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद. तिथले मूळ रहिवासी अनांगू त्याला पवित्र मानतात म्हणे. श्रद्धेचा आदर आहे, पण 348 मीटरचा अख्खा डोंगर एका जमातीचा कसा? आपली कळसूबाई तर शिखरावरच बसलीय, धापा टाकत वर जाणं हीच तिची भक्ती. चढल्याने अपमान कसा होतो?

मेलबर्नकर: जमातीचा कसा, ते कागदोपत्री आहे. 1985 साली सरकारने मालकी अनांगूंना परत दिली आणि त्यांनी लगेच ती जागा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानाला दिली. बंदीचा ठरावही 2017 मध्ये उद्यानाच्या मंडळाने एकमताने केला, त्यात अनांगूंचंच बहुमत आहे. आणि कळसूबाईला गावकरीच तुम्हाला वर बोलावतात हो! उलुरूवरची साखळी 1964 मध्ये बाहेरच्यांनी पर्यटकांसाठी ठोकली होती. पायथ्याशी 'कृपया चढू नका' अशी पाटी कित्येक वर्षं होती, लोक ती वाचून चढत होते.

निशिगंधा_के: पावित्र्य घटकाभर बाजूला ठेवा. त्या चढाईत किमान 37 जण गेलेत. आपल्या जमिनीवर पाहुण्याला काही झालं तर जबाबदारी आपली, असं अनांगू मानतात. शिवाय माथ्यावर संडास नाही. पाऊस आला की सगळी घाण खालच्या पाणवठ्यांत.

चष्मेबद्दूर: पर्यटकांना अडवणं सोपं आहे हो. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातल्या जुकान घळीचं काय? 46,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा असलेले शैलाश्रय रिओ टिंटो या खाण कंपनीने मे 2020 मध्ये लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडवले, तेही कायदेशीर परवानगीने. जिथे पैसा आहे तिथे पावित्र्य कुणी विचारत नाही. उलुरूची बंदी म्हणजे दाखवायचा दागिना.

मेलबर्नकर: उलट, जुकानमुळेच उलुरूचं महत्त्व कळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 1972 च्या कायद्याने 2013 मध्ये परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी उत्खननात माणसाच्या केसांच्या वेणीचा तुकडा सापडला, 4,000 वर्षांपूर्वीचा. त्यातला डीएनए तिथल्या आजच्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे पुटु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. पणजीच्या पणजीची वेणीच म्हणा ना! तरी दिलेली परवानगी पुन्हा तपासायला लावायची सोय त्यांना कायद्यात नव्हती. पुढे कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं, पण शैलाश्रय गेले ते गेलेच. उलुरूत 'नाही' म्हणायचा अधिकार होता, तिथे नव्हता. फरक एवढाच.

सह्यभटक्या: मालकीबद्दल माझा वाद नव्हताच. पण डोंगर पायाखाली आल्याशिवाय कळत नाही, हे माझं मत कायम. बरं, खाली काय काय बघता येतं?

निशिगंधा_के: पायथ्याभोवती साधारण 10 किलोमीटरची वाट आहे, पहाटे लवकर निघा. काही जागी फोटो काढायला मनाई आहे, पाट्या बघा. आणि आठवण म्हणून दगड उचलू नका. लोक माफीच्या पत्रासकट ते पोस्टाने परत पाठवतात, उद्यानवाल्यांना तो एक वेगळाच व्याप झालाय.

चष्मेबद्दूर: फोटोलाही मनाई? घ्या, नवा धागा काढा आता.