आधीच धुतलेले पाय कशाला धुता?

जुना_नगरी: काल एका भावाची पोस्ट वाचली: 'पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात, याहून सुंदर ख्रिस्ती नम्रता नाही.' राहवलं नाही. मेव्हण्याच्या कॅथलिक पॅरिशमध्ये ही नम्रता मी पाहिलीय. बाराही जण घरून पाय घासून, नखं कापून आलेले. निम्मे पॅरिश कौन्सिलचे. मोबाईल सगळीकडून रोखलेले. सांडलेलं पाणी पुसायला मात्र रोज झाडू मारणारी बाई. तिचे पाय कोण धुणार? योहान 13 मध्ये प्रभूने शिष्यांचे, अगदी दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत असली नाटकं नाहीत.

वसईची_लेक: नाटकं नाहीत? पंचांच्या निवडणुकीत तुमच्याकडे काय चालतं ते आम्हालाही कळतं हो. पोप फ्रान्सिस 2013 मध्ये रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले, मुलींचेही पाय धुतले, त्यात एक मुसलमान मुलगी. नियमात तेव्हा पुरुषच होते, 2016 मध्ये नियम बदलला. नाटकाने नियम बदलतो का?
आमचे बाबा एकदा त्या बारांत होते. वाडीत राबून टाचांना भेगा. घासूनही काळ्याच, लाजत होते. फादरांनी पाय धुतले, पुसले, मुका घेतला. त्या रात्रीपासून अंथरुणावरच्या आजीचं सगळं बाबा करायला लागले, तोवर आईच करायची. दोन महिनेच टिकलं, खोटं कशाला बोलू. पण दोन महिने आई झोपली.

पुणेरी_शंका: सेवेच्या मागून धर्मांतर येतंच. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन आठवा. त्याच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांनी 1893 मध्ये उगाच अंग काढून घेतलं का?

जुना_नगरी: आलात मूळपदावर! 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली कोणी आणल्या? केडगावला त्यांना कोणी सांभाळलं? तेव्हा पुण्यातले किती वाडे उघडले?

पुणेरी_शंका: कर्व्यांनी 1896 मध्येच विधवांसाठी आश्रम काढला. कुणाचा धर्म न बदलता.

वसईची_लेक: आणि कर्व्यांची बायको गोदूबाई कुठे शिकली? शारदा सदनात! धर्म न बदलता!!

पुणेरी_शंका: बरं, गोदूबाई तुमच्या. 1893 माझं.

केडगाव_लोकल: माझी पणजी रमाबाईंच्या इथल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, ख्रिस्ती झाली. बळजबरी झाली का, असं आजीने विचारलं की ती भडकायची, 'मला अक्कल नव्हती का?' तुम्ही दोघं तिच्या वतीने भांडताय, पण तिला अक्कल होती हे कुणीच धरत नाही.

पुणेरी_शंका: एका पणजीवरून इतिहास ठरत नाही.

केडगाव_लोकल: दोन न्यायमूर्ती-प्राध्यापकांवरून ठरतो वाटतं.

जुना_नगरी: मूळ मुद्दा राहिला. आमच्या जिल्ह्यात जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्य 1970 पासून. गावातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या, कित्येक दलित बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जखमा, सगळं त्या बघायच्या. 1979 चा मॅगसेसे मिळाला. डॉक्टरने आपली विद्या खाली ठेवली, हे खरं पाय धुणं.

वसईची_लेक: जामखेडला हात जोडते. पण दादा, त्या झाडूवाल्या बाईचं नाव काय?

जुना_नगरी: ...विचारलं नाही. मेव्हण्याला फोन करतो.

वसईची_लेक: तो होता का बारांत?

जुना_नगरी: होता. नखं मीच कापून दिली.