बालवाडीतल्या चंचल मुलांसाठी लक्ष आणि संयमाचे खेळ : आराखडा तपासून हवा आहे

मोठाशिशू

मोठ्या गटासाठी (वय ४ ते ५) आठ आठवड्यांचा खेळांचा कार्यक्रम आखतेय. वर्गात २६ मुलं, एक ताई, एक मदतनीस. त्यातली चार मुलं गोष्ट चालू असताना उठून जातात, पाळी येईपर्यंत थांबत नाहीत, दुसऱ्याच्या हातातलं ओढून घेतात. तिघांच्या घरूनही हेच ऐकू येतं, चौथ्याचं मात्र फक्त वर्गात. निदान कुणाचंच झालेलं नाही, आणि ते करणं शिक्षिकेचं कामही नाही.

आराखडा असा : आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं, या चौघांना वेगळं घेऊन. खेळ : शिवाजी म्हणतो, चिमणी भुर्र, स्टॅच्यू, तळ्यात-मळ्यात, मणी ओवणं, चित्रांतले फरक शोधणं. शेवटी जो चुकला नाही त्याला चॉकलेट. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी "डोकं म्हटलं की पाय धरायचे" ही चाचणी, म्हणजे फरक कळेल.

विचारायचं असं की वेळ पुरेशी आहे का, खेळ हळूहळू अवघड कसे करायचे, आणि "याने एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता हा विकार) टळेल का?" असं पालकांनी विचारलं तर काय सांगायचं. दोघांच्या घरी टॅबवर ब्रेन ट्रेनिंगचं अ‍ॅप घेतलंय, त्याचं काय?

लंगडीपाणी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

खेळांची निवड चांगली आहे, वेळापत्रक मोडीत काढा. चार वर्षांच्या चंचल मुलाला ४५ मिनिटं म्हणजे पहिली १२ मिनिटं खेळ आणि उरलेली ३३ मिनिटं आरडाओरडा. त्याऐवजी रोज दोनदा, १० ते १२ मिनिटं द्या. आणि चौघांना वेगळं काढू नका. एक तर "ती चार मुलं" हा शिक्का बसतो. दुसरं, पाळीसाठी थांबणं शिकायला पाळी घेणारी आणखी मुलं लागतात. १३-१३चे दोन गट करा, एक ताईकडे, एक मदतनीसाकडे, प्रत्येकात यांतले दोन. ते दोघं एकमेकांशेजारी नकोत.

सगळ्यात मोठी चूक "आउट"ची. आपले सगळे पारंपरिक खेळ चुकलेल्याला बाहेर बसवतात. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच दुसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकून बसतो आणि ज्याला आधीच जमतं तो दहा मिनिटं सराव करतो. आउट बंद. चुकला तर "परत ऐक" म्हणून तोच हुकूम पुन्हा द्यायचा, बस.

तळ्यात-मळ्यात जरा तपशिलात सांगतो, बाकीचे त्यावरून बसवता येतील. जमिनीवर खडूने एक लांब रेघ. सुरुवातीला तोंडाने म्हणायचं आणि हातानेही त्या बाजूला दाखवायचं, दोन हुकमांत चारेक सेकंद. हे जमलं की हात पाठीमागे, फक्त तोंडाने. मग तोच शब्द लागोपाठ दोनदा : "तळ्यात... तळ्यात." जो आधीच तळ्यात आहे त्याने हलायचं नाही. खरा खेळ इथे सुरू होतो, कारण इथे उडी मारायची नाही, उडी अडवायची आहे. त्यानंतर तोंडाने "मळ्यात" आणि हात तळ्याकडे. सगळ्यात शेवटी उलटा नियम : तळ्यात म्हटलं की मळ्यात. दहापैकी आठ हुकूम बरोबर आले, तेही सलग दोन दिवस, तरच पुढची पायरी. सहाच्या खाली गेले की एक पायरी मागे. गटाची सरासरी धरू नका, त्या दोन मुलांचेच आकडे मोजा.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, ताल. ताई नकळत एका ठेक्यात बोलायला लागते आणि मूल शब्द न ऐकता ठेक्यावर उडी मारतं. बाहेरून वाटतं छान जमतंय. म्हणून मधलं अंतर मुद्दाम बदलत ठेवायचं : दोन सेकंद, मग पाच, मग तीन. मध्येच एखादा हुकूम कुजबुजल्यासारखा. दुसरी, शेजाऱ्याची नक्कल. मुलं एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभी असतील तर अर्धी मुलं बघून उडी मारतात. हातभर अंतर ठेवा, रेघेवर दोन्ही टोकांना तोंड वेगवेगळ्या दिशेला करून उभी केली तर आणखी बरं.

चिमणी भुर्रमध्ये प्रमाण सांभाळा. चार नावांत तीन उडणारी, एक न उडणारं. निम्मी-निम्मी ठेवली तर मूल बोट खालीच ठेवून विचार करतं, मग आवरायला काही उरतच नाही. बोट वर जायची सवय लागली पाहिजे, तरच "म्हैस" म्हटल्यावर ते रोखण्याचा व्यायाम होतो. आणि कोंबडी, मोर ही नावं वगळा. कोंबडी उडते की नाही यावर पाच मिनिटं जातात.

"शिवाजी म्हणतो" पहिल्याच आठवड्यात घेऊ नका. त्यात हुकमाच्या आधीचे शब्द ऐकून लक्षात ठेवायचे, मग ठरवायचं, मग अंग आवरायचं, तीन कामं एकदम. त्याऐवजी दोन हातांत दोन बाहुल्या घ्या (जुने मोजे चालतात) : ससोबाचं ऐकायचं, वाघोबाचं ऐकायचं नाही. कोण बोलतंय ते डोळ्यांना दिसतं, म्हणून सोपं. चार वर्षांच्या आतल्या बऱ्याच मुलांना हेही जमत नाही, आणि ते वयानुसारच आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बाहुल्या काढून शिवाजी आणा.

मणी ओवणं, फरक शोधणं ठेवा, पण ते चिकाटीचे खेळ आहेत, थांबण्याचे नाहीत. फरक तीनच असलेली चित्रं घ्या. थांबण्यासाठी एक बिनखर्चाचा खेळ : पितळी ताटलीवर चमचा एकदाच वाजवायचा, डोळे मिटून ऐकायचं, आवाज पूर्ण विरला की हात वर. १५ सेकंद अख्खा वर्ग गप्प बसतो, तोही "गप्प बसा" न म्हणता.

दुपारची_बालवाडी

चॉकलेटबद्दल. "जो चुकला नाही त्याला" म्हटलंत तर ही चार मुलं आठ आठवड्यांत एकदाही जिंकणार नाहीत आणि तिसऱ्या दिवसापासून खेळच नको म्हणतील. शिवाय बक्षीस दहा मिनिटांनी मिळून उपयोग नाही, या मुलांना उशिरा मिळालेलं न मिळाल्यासारखंच. थांबला, त्याच क्षणी : "तू पाय रोखलास!" आणि एक बूच वाटीत. "शाब्बास" नुसतं नको, काय केलं ते सांगायचं. पाच बुचं झाली की पुढचा हुकूम तो देणार, मुलांना चॉकलेटपेक्षा हे जास्त आवडतं. बाटलीची मोठी बुचं घ्या, चिंचोके किंवा मणी नकोत, नाकात जातात.

आणि खेळ कधी घेताय ते बघा. डब्याच्या आधी भूक आणि सुटीच्या आधी दप्तराची घाई, दोन्ही वेळा वाया. सकाळच्या प्रार्थनेनंतर एकदा आणि डब्यानंतर हात धुऊन झाल्यावर एकदा बरं पडतं.

वर्तन_आणि_वय (बालमानसशास्त्र)

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी : "टळेल" असं सांगू नका. "थांबणं, ऐकणं, पाळी घेणं याचा सराव होईल, घरी साथ मिळाली तर जास्त होईल" एवढंच सांगा.

कारण पुरावा तसाच मिश्र आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमधल्या जेफ्री हॅल्परिन यांच्या गटाने ४-५ वर्षांच्या मुलांसाठी असाच खेळांचा कार्यक्रम केला, त्याचं नाव टीम्स. मुलांचा गट खेळायचा, पालकांचा गट तेच खेळ शिकायचा आणि घरी रोज खेळवायचा. २०१२ मध्ये आलेले पहिले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पण त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. पुढे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून अभ्यास झाला तेव्हा दोन्हीकडची मुलं सुधारली, गटागटांत ठळक फरक दिसला नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या डिओन हीली यांचा 'एंगेज' हाही घरी रोज खेळायचा कार्यक्रम. २०१९ च्या अभ्यासात तो 'ट्रिपल पी' या पालक प्रशिक्षणाच्या बरोबरीचा ठरला आणि सुधारणा वर्षभर टिकली, पण वरचढ ठरला नाही.

शिवाय २०१३ मध्ये एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुलाला कोणता उपचार मिळतोय हे माहीत असलेल्यांनी गुण दिले की परिणाम मोठा दिसतो, माहीत नसलेल्यांनी दिले की बराच खाली येतो. तुमच्या चाचणीलाही हे लागू आहे. "डोकं-पाय" हे उत्तम मोजमाप आहे, पण आठ आठवडे उलट नियमांचे खेळ खेळवून शेवटी उलट नियमाचीच चाचणी घेतली तर सरावच मोजला जाईल. वेगळं काहीतरी मोजा. मूल ठोकळ्यांशी बसलं की उठून जाईपर्यंत किती मिनिटं, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. तीन दिवस तीन नोंदी, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी सोडून मधली धरा. वर्गातल्या आणखी तीन मुलांचीही घ्या, नाहीतर वयाबरोबर आपोआप होणारी वाढ आपल्या खात्यावर जमा होते. मोजणारी व्यक्ती शक्यतो खेळ घेणारी नसावी.

अ‍ॅपचं थोडक्यात : मूल त्या अ‍ॅपमध्ये तरबेज होतं, पंगतीत बसायला नाही. सराव ज्या गोष्टीचा, सुधारणा त्या गोष्टीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार या वयात बैठा स्क्रीन दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, त्यातला वेळ अ‍ॅपला देणं परवडत नाही. त्याच सूचनेत ३-४ वर्षांच्या मुलांसाठी १० ते १३ तास झोप आणि १८० मिनिटं हालचाल आहे, त्यातली ६० दमवणारी. पालकांना आधी झोपेचे तास विचारा.

आता तो चौथा मुलगा. फक्त वर्गातच होत असेल तर आधी वर्ग तपासा. जन्म कोणत्या महिन्यातला? महाराष्ट्रात प्रवेशाची मर्यादा ३१ डिसेंबर असल्याने डिसेंबरचं मूल जानेवारीच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने लहान असतं, आणि चार वर्षांच्या वयात वर्ष म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा. घरची भाषा मराठीच आहे ना? कान तपासलेत? सर्दीने कानात पाणी साठलेलं मूल "लक्ष देत नाही" असंच दिसतं. तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं मूल असेल तर अ‍ॅडिनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढलेत का ते बघायला हवं. रक्तातलं लोह कमी असणंही आपल्याकडे नवीन नाही. निदानासाठीही लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, एकट्या वर्गातली पुरत नाहीत.

बाकी तिघांच्या पालकांना आठ आठवडे संपायची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडी आहे. तिथून लगेच गोळ्या देतील या भीतीने पालक जात नाहीत. अमेरिकन बालरोग अकादमीची मार्गदर्शक सूचना ४-५ वर्षांसाठी आधी पालक प्रशिक्षण आणि वर्गातले उपाय सांगते, त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास बराच असेल तरच औषधाचा विचार.

मोठाशिशू

आउटचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, काढून टाकला. दोन अडचणी उरतात. धावाधावीच्या खेळानंतर ही मुलं शांत व्हायच्या ऐवजी जास्तच उधळतात. आणि आईवडील दोघं कामावर जाणारे, "रोज अर्धा तास खेळा" म्हटलं तर मान डोलावतात आणि खेळत नाहीत.

लंगडीपाणी

उधळतात कारण खेळ चढावर असताना थांबवला जातो. शेवटच्या तीन मिनिटांत तोच खेळ हळू करत आणा : तळ्यात-मळ्यात आधी उडीने, मग चालत, मग गोगलगायीसारखं, मग बसल्या बसल्या फक्त हाताने, शेवटी ताटली. वेग वाढवणं सोपं, उतरवणं हाच अवघड भाग. स्टॅच्यूही असाच : आधी ३ सेकंद, दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत १५ पर्यंत. एकदम १५ मागितलेत तर हसण्यावारी जातं.

वर्तन_आणि_वय

घरासाठी अर्धा तास मागूच नका. चालू कामात पाच-पाच मिनिटं बसवा. ताटं मांडताना : "दोन वाट्या आणि एक चमचा आण." जमलं की तीन वस्तू, मग "आधी चमचा, मग वाट्या." मटार सोलताना एक शेंग आईची, एक मुलाची, पाळीपाळीने, मध्ये घुसायचं नाही. कणकेचा गोळा हातात आहे पण "लाट" म्हणेपर्यंत लाटायचं नाही, पाच आकडे मोजून.

आणि सूचना कशी द्यायची ते पालकांना करून दाखवा, सांगून कळत नाही. स्वयंपाकघरातून "अरे चपला ठेव, हात धू आणि दप्तर उचल" असं ओरडलं तर तिन्ही हवेत जातात. जवळ जायचं, त्याच्या उंचीला बसायचं, नाव घ्यायचं, एकच गोष्ट सांगायची, आणि मग पाच सेकंद गप्प राहायचं. हे पाच सेकंद मोठ्यांनाच जमत नाहीत, दुसऱ्याच सेकंदाला तीच सूचना चढ्या आवाजात येते. पालकांच्या सभेत दोघादोघांच्या जोड्या करून, एकाने मूल व्हायचं, असे दहा मिनिटं सराव घ्या. पहिल्या फेरीत बहुतेक सगळे चुकतील, तेव्हा दोन फेऱ्यांचा वेळ धरा.

दुपारची_बालवाडी

सभा शनिवारी संध्याकाळी ठेवा आणि निरोपात "आजी-आजोबांनीही यावं" असं लिहा. दुपारभर मूल त्यांच्याकडेच असतं.