शाळेचा ईपीएबीएक्स बदलावा की आहे तोच ठेवावा? जाणकारांनी सल्ला द्यावा

खडू-डस्टर
नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका अनुदानित शाळेच्या ऑफिसात मी लिपिक आहे. शाळेत 4 बाहेरच्या लाइन आणि 24 एक्स्टेंशनचा (आतल्या फोनचा) ईपीएबीएक्स आहे, म्हणजे बाहेरच्या लाइन आतल्या फोनना जोडणारं मशीन. जुनी कौलारू इमारत, नवी दुमजली इमारत, प्रयोगशाळा, मैदानापलीकडचं वसतिगृह, गेट, सगळीकडे साधे टेबलफोन. पाऊस लागला की वसतिगृहाच्या आणि गेटच्या फोनवर खरखर सुरू होते. जोराची सर आली तर रिंगच जात नाही. बाकी फोन ठणठणीत आहेत.

त्यातच टेलिफोन कंपनीने कळवलंय की तांब्याच्या लाइन काढून फायबर देणार. ते निमित्त धरून एका विक्रेत्याने अख्खी सिस्टीम आयपीवर (म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर) न्यायचं कोटेशन दिलंय: आयपी फोन, कॅट-6 वायरिंग (नेटवर्कची केबल), पीओई स्विच (त्याच केबलमधून फोनला वीज देणारी पेटी), वर 18 टक्के जीएसटी. संस्थेच्या अध्यक्षांना ते पटलंय. वेतनेतर अनुदानाची गत तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणजे पैसा संस्थेच्या शिलकीतूनच जाणार. त्याच शिलकीतून मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती ठरली होती, ती मागे पडेल. सभेत एकांनी तर "सगळ्यांकडे मोबाइल आहेत, फोन हवेतच कशाला" असंही विचारलं. मला त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे.

पंचिंगटूल
ताई, फायबर आणि ईपीएबीएक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विक्रेत्याने त्यांची गाठ मारून दिलीये. फायबर आलं तरी ओएनटीच्या (फायबरच्या टोकाला कंपनी बसवते त्या पेटीच्या) मागे फोनचा पोर्ट असतो, त्यातून तीच दोन तारांची जोडी निघते आणि ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला (बाहेरची लाइन लागते त्या जागी) लागते. त्यासाठी आतला एकही फोन बदलावा लागत नाही. मात्र तुमच्या 4 लाइन आहेत, तर 4 फोन पोर्ट कसे मिळणार, हे कंपनीला आधी विचारा. बऱ्याच ओएनटीला एक किंवा दोनच असतात. आणि जुना नंबर तोच राहणार हे लेखी घ्या.

आता खरखर. फक्त पावसात आणि फक्त बाहेरून केबल गेलेल्या दोनच फोनवर होते ना? मग माझा संशय केबलवर आहे. खात्री अशी करा: खरखर चालू असतानाच ऑफिसातल्या क्रोन बॉक्सवर (सगळ्या फोनच्या जोड्या येतात त्या डब्यावर) वसतिगृहाची जोडी सोडवा आणि त्याच पोर्टला चांगला चालणारा एक फोन थेट लावून बघा. आवाज स्वच्छ आला तर मशीन निर्दोष. मग वसतिगृहाकडचा डबा उघडा. तारांच्या टोकांवर हिरवट कीट दिसेल. पाणी शिरलं की दोन तारांमध्ये करंट गळतो आणि मशीनला वाटतं रिसीव्हर उचललाय. रिंग न जाण्याचं कारण बहुधा तेच. जेली भरलेली नवी केबल पाइपातून टाका, मध्ये एकही सांधा ठेवू नका, दोन्ही टोकांना जीडीटी (विजेचा झटका जमिनीत उतरवणारी नळी) लावा आणि अर्थिंग तपासा. तुमच्याकडे विजा कशा पडतात ते सांगायला नको.

मशीन कोणत्या कंपनीचं?

पागोळी
आमच्या शाळेत सगळं आयपीवर नेलंय, म्हणून लिहितो. वाईट आहे असं मुळीच नाही. नवी इमारत होती, भिंतीतून लॅन आधीच गेलेली होती, तिथे ते सुरेख चालतं. पण तुमच्या मैदानापलीकडच्या वसतिगृहाचा विचार करा. कॅट-6 ची मर्यादा 100 मीटर. त्यापुढे मध्ये स्विच ठेवा नाहीतर फायबर ओढा, म्हणजे आणखी एक पेटी, तिला वीज, तिला यूपीएस. टेलिफोनच्या साध्या जोडीवर ॲनालॉग (तुमच्याकडचा साधा) फोन त्याच्या कितीतरी पट अंतरावर बोलतो. आमच्याकडे वीज गेली की व्हरांड्यातला स्विच बसतो आणि त्या मजल्यावरचे सगळे फोन एकदम मुके होतात. कोटेशनमध्ये प्रत्येक स्विचला बॅकअप धरलाय का, ते बघा. आमच्या कोटेशनमध्ये नव्हता.

मोबाइलबद्दल: शाळेचा नंबर पदाचा असतो, माणसाचा नाही. रेक्टर बदलल्या तरी वसतिगृहाचं एक्स्टेंशन तेच राहतं. पालकांनी रात्री कुणाच्या खासगी नंबरवर फोन करायचा? आणि मुलींना घरी बोलायचं तर रेक्टरबाईंचा मोबाइल मागायचा का? सभेत हे नक्की सांगा.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेत शाळांच्या नेटवर्कचं काम करतो. एक गोष्ट आवर्जून तपासा. इथे 2013 मध्ये टेक्ससमधल्या एका मोटेलात एका बाईवर हल्ला झाला. तिची 9 वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून पुन्हा पुन्हा 911 (इथला आपत्कालीन नंबर) लावत होती, पण बाहेरच्या लाइनसाठी आधी 9 दाबावा लागतो हे त्या लेकराला कुठून कळणार? फोन लागलाच नाही, आई गेली. त्या आईच्या नावाने 2018 मध्ये 'कॅरीज लॉ' झाला. 2020 पासून इथल्या नव्या सिस्टीमवर 911 थेट लागलाच पाहिजे आणि तो लावल्याची सूचना रिसेप्शनला गेलीच पाहिजे. तुमच्याकडे एक्स्टेंशनवरून 0 न दाबता 112 लागतो का? चाइल्डलाइनचा 1098 लागतो का? बहुतेक मशीनमध्ये ही सोय प्रोग्रॅमिंगने होते. मुलं राहतात तिथे मी हे सगळ्यात आधी केलं असतं.

खडू-डस्टर
वाचून अंगावर काटा आला. आजच वसतिगृहातून लावून बघितलं. 112 थेट लागत नाही, आधी 0 लागतो. देखभालीच्या माणसाला बोलावलंय. तोवर प्रत्येक फोनवर '0 दाबून 112' अशी चिठ्ठी चिकटवली.

पंचिंगटूलदादा, मशीन पॅनासॉनिकचं आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे भर पावसात शिपायाला घेऊन क्रोनवर फोन लावला. आवाज अगदी स्वच्छ! वसतिगृहाचा डबा उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ आणि तारा हिरव्या.

पंचिंगटूल
म्हणजे निदान झालं. केबल बदला.

मशीनबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. पॅनासॉनिक या धंद्यातून बाहेर पडलीये, मशीनच्या आतलं नवं कार्ड (सर्किटची पट्टी) मिळणं दिवसेंदिवस अवघड होईल. चालतंय तोवर चालवा, पण सध्याच्या प्रोग्रॅमिंगची नोंद कागदावर काढून ठेवा: कोणतं एक्स्टेंशन कोणत्या पोर्टवर, कोणती जोडी कुठे जाते. मशीन अचानक बसलं तर हा कागद नसल्यामुळेच दिवस वाया जातात. पुढे घ्याल तेव्हा हायब्रीड घ्या, म्हणजे ॲनालॉग कार्डावर हे सगळे टेबलफोन तसेच चालतील आणि नव्या इमारतीत हवे तेवढेच आयपी फोन जोडता येतील. बडोद्याच्या मॅट्रिक्सची अशी मॉडेल आहेत. कुठलंही घ्या, पण तालुक्यात येऊन दुरुस्त करणारा माणूस कोण, हे किमतीच्या आधी विचारा.

फायबर जोडताना दोन खोड्या निघतात. समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते. मग मशीनला 400 हर्ट्झचा बिझी टोन ओळखायला लावायचा. आणि डायलिंग अजून पल्सवर (जुन्या चकतीच्या फोनसारखं टिकटिक करत) असेल तर टोनवर करायचं. कंपनीचा माणूस जोडून जायच्या आधी त्याच्यासमोर प्रत्येक लाइनवरून एक फोन बाहेर लावा, एक आत घ्या.

पागोळी
एक राहिलं. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट येतात, म्हणून वीज गेली तरी साधा फोन चालायचा. फायबरवर तसं नाही, ओएनटी बंद म्हणजे बाहेरचा फोन बंद, मग 112 सुद्धा नाही. ईपीएबीएक्स ज्या यूपीएसवर आहे त्यावरच ओएनटी घ्या, आणि बॅटरी किती जुनी आहे तेही बघा.

खडू-डस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारच्या सभेत मांडणार आहे: मशीन आणि फोन ठेवायचे, दोन केबल नव्या, यूपीएसला नवी बॅटरी, 112 आणि 1098 थेट. वसतिगृहाची केबल मैदानाच्या कडेने न्यायची आहे. पाइप किती खोल पुरावा, तेवढं कुणी सांगाल का? तिथून संस्थेचा ट्रॅक्टर जातो.

पंचिंगटूल
ट्रॅक्टर जातो तेवढ्या पट्ट्यात जीआय (लोखंडी) पाइप टाका आणि निदान अडीच फूट खोल जा. बाकी ठिकाणी एचडीपीई (प्लास्टिकचा) पुरेल. पाइपात जाड दोरी ओढून ठेवा आणि केबल दोन जोड्यांची नाही, पाच जोड्यांची घ्या.